कोण ऐकते आहे?

शाळेत ज्याने वीस वर्षे काढली आहेत त्याला सूचनावही म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली ती वही काखेत मारून शिपाईमामा वर्गाच्या दारात उभे राहिले, की फळ्यावरचा खडू थांबतो, मुलांचे चेहरे फुलतात आणि शिक्षकाच्या कपाळावर एक आठी उमटते. कारण दहातल्या नऊ सूचना आपल्या वर्गासाठी नसतातच!

समजा, मुख्याध्यापकांना एवढेच कळवायचे आहे की, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्या मुलांनी मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत यावे. अशी मुले चाळीस. आता चाळीस चिठ्ठ्या लिहून एकेकाच्या हातात नेऊन द्यायच्या म्हटल्या, तर चिठ्ठ्या संपेपर्यंत मधली सुट्टी संपेल आणि मामांचे गुडघेही. घंटा बडवून कर्ण्यावरून ओरडायचे म्हटले, तर आठशे मुलांच्या कानांत ती सूचना शिरेल. त्यांतल्या सातशेसाठ जणांचे तिच्याशी काही देणेघेणे नाही, पण नववीतले प्रमेय मात्र अर्ध्यावर तुटेल. आमचे मामा यांतले काहीच करीत नाहीत. ज्या तीन वर्गांत ती मुले आहेत त्या तीनच दारांत ते जातात आणि प्रत्येक दारात एकदाच वाचतात. कोणती मुले कोणत्या वर्गात, हे त्यांना कोणी लेखी दिलेले नाही. जाता-येता त्यांच्या कानांवर पडलेले असते.

मामांच्या या चालीला यंत्रांच्या जगात एक लांबलचक नाव आहे आणि त्यावर पानेच्या पाने भरतील एवढे नियम लिहिलेले आहेत, हे मला गेल्या भाद्रपदात कळले. मी काही यंत्रांतला माणूस नव्हे. दहावी झालो (आमच्या घरी तिला अजून मॅट्रिकच म्हणतात), मग चित्रकलेची पदविका घेतली, आणि तेव्हापासून मुलांकडून तांब्या-फुलपात्रे काढून घेतो आहे. रात्री कादंबऱ्या लिहितो. पण ज्या गोष्टीने माझा तास चार दिवस बंद पाडला तिची कुळकथा समजून घेणे मला भागच होते.

त्याचे असे झाले. स्थिरचित्र शिकवताना माझ्या टेबलाभोवती चाळीस डोकी जमली, की पुढच्या सहांनाच पेन्सिलीचे टोक दिसते. बाकीच्यांना दिसतात ती पुढच्यांची मानगुटे. म्हणून टेबलावर वरून एक कॅमेरा टांगला, त्याची तार माझ्या खोलीतल्या संगणकाला जोडली, आणि माडीवरच्या संगणकाच्या खोलीत चाळीस पडद्यांवर माझा हात दिसावा अशी योजना केली. मुलांनी मांडीवर फळी घ्यावी, समोर पाहावे आणि काढावे. योजना उत्तम होती. पहिल्याच दिवशी पडद्यांवर माझा हात असा चालू लागला, की जणू मला कंप सुटला आहे. मग तो मधेच थांबला, आणि थांबला तो थांबलाच.

हिशेब साधा होता, पण तो करायला कोणी बसले नव्हते. माझ्या हाताचे चित्र वाहून न्यायला सेकंदाला चार मेगाबिट लागत होते. कार्यक्रम चालवणारे सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला ते चित्र स्वतंत्र पाठवीत होते, म्हणजे चाळीस चिठ्ठ्या. चार गुणिले चाळीस, एकशेसाठ. आणि माझ्या खोलीतून निघणाऱ्या तारेची ताकद शंभर! तीच रेघ, तीच छटा, चाळीस वेळा एकाच तारेतून ढकलली जात होती. एका दुकानदाराने येऊन सगळी यंत्रणा पाहिली, मान हलवली, आणि सगळेच नवे घ्यावे लागेल असे सांगून खर्चाचा एक कागद ठेवून गेला. तो कागद पाहून मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आकडा तोच होता.

एकेकाला वेगळे देण्यात नुसती उधळपट्टीच असते असे नाही. त्यात एक अन्यायही दडलेला असतो. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २०१० नंतर काही वर्षे भावांची क्षणोक्षणीची बातमी दलालांच्या यंत्रांना अशीच एकामागून एक पाठवली जाई. रांगेत जो आधी, त्याला बातमी आधी; आणि त्या धंद्यात डोळ्याची पापणी लवण्याच्या आतला वेळही पैसा असतो. २०१४ मध्ये बाजाराने एकच बातमी सर्वांना एकदम देणारी मल्टिकास्ट पद्धत आणली. आधीच्या वर्षांत रांगेचा फायदा कोणाला कसा मिळाला, याचे प्रकरण पुढे सेबीपुढे आणि अपिलात कित्येक वर्षे चालले. मला शेअरमधले काही कळत नाही. पण वर्गात उत्तरपत्रिका वाटताना शेवटच्या बाकावरची मुले पहिल्या बाकाकडे कशी पाहतात, ते मी रोज पाहतो.

गणपतीसाठी माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. पुण्याला अशाच तारांच्या कारभारात नोकरीला आहे. चित्रकलेत तो यथातथाच होता, पण माझ्या घरी आरतीला आला तेव्हा मी त्याला माझे गाऱ्हाणे ऐकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत हजर.

"सर, चाळीस प्रती कशाला? एकच पाठवा."

"अरे, मग ती चाळिसांना पोचायची कशी?"

"प्रती वाटेत होतील. जिथे फाटा फुटतो तिथे."

कचेरीबाहेर भिंतीवरच्या जाळीच्या कपाटात एक चपटी पत्र्याची पेटी आहे. तिला अठ्ठेचाळीस भोके आणि तितकेच लुकलुकणारे हिरवे दिवे. हिला स्विच म्हणतात. शाळेतल्या साऱ्या तारा हिच्यात येऊन मिळतात. माझ्याकडून एकच प्रत हिच्यापर्यंत यावी आणि पुढे हिने ती ज्याच्या त्याच्या तारेत उतरवावी. दिवाळीत आपण एका पणतीने दुसरी लावतो, तेव्हा पहिलीची ज्योत काही लहान होत नाही. तसेच हे. माझ्या तारेवर एकशेसाठाऐवजी चारच मेगाबिट!

ही कल्पना व्यवस्थित कागदावर उतरवली ती स्टीव्ह डीअरिंग नावाच्या गृहस्थाने, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना. ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे टिपण इंटरनेटच्या नियमांत १११२ क्रमांकाचे आहे. २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते कोण्या एका यंत्राचे नसतात, मंडळाचे असतात. ज्याला हवे त्याने मंडळात यावे, नको तेव्हा निघून जावे. पाठवणाऱ्याने फक्त मंडळाच्या पत्त्यावर पाठवायचे. सभासद किती, कोण, कुठले, हे त्याला ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नसते. हे वाचून मला त्या गृहस्थाबद्दल फार आपुलकी वाटली. माझ्या कादंबऱ्यांचा कारभार इतकी वर्षे याच तत्त्वावर चालला आहे.

विद्यार्थ्याने माझ्या संगणकावर तसा पत्ता घातला. माडीवर चाळीस पडदे लख्ख! माझा हात माझ्याच हातासारखा चालत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि खालून, कचेरीतून, आमच्या लेखनिकांचा आवाज आला, "अहो सर, काय केलंत काय तुम्ही?"

त्या दिवशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. एकसष्ट मुलांचे अर्ज राहिले होते. कचेरीतले दोन्ही संगणक बिनतारी जोडणीवर चालतात, आणि माझा तास सुरू झाल्या क्षणापासून ते गपगार झाले होते. एक अर्जसुद्धा वर चढेना. चाळीस मुलांचे चित्र एका बाजूला आणि एकसष्ट मुलांची शिष्यवृत्ती दुसऱ्या. मी अर्थातच कॅमेरा बंद केला. पण चित्रकलेने कचेरीचे काय घोडे मारले होते, ते मला समजेना.

ते समजायला त्या पेटीचा स्वभाव समजावा लागतो. स्विच आपले शिक्षण ऐकूनच घेतो. एखाद्या तारेतून पत्र आले, की त्यावरच्या पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून तो मनात टिपून ठेवतो: हा अमुक राहतो अमुक भोकात. पुढे त्या अमुकासाठी पत्र आले की नेमके त्याच भोकात टाकतो. ज्याचा पत्ता ठाऊक नाही त्याचे पत्र मात्र सगळ्या भोकांतून सोडून देतो. असेल तो घेईल. आता गंमत पाहा. मंडळाचा पत्ता हा पाठवणाऱ्याच्या जागी कधी येतच नाही. मंडळ पत्र लिहीत नाही, सभासद लिहितात. त्यामुळे बिचाऱ्या स्विचला मंडळाचा ठावठिकाणा जन्मात कळायचा नाही, आणि मंडळाचे प्रत्येक पत्र तो दवंडीसारखे घरोघर पिटणार. माझा तांब्या चाळीस मुलांबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला, प्रयोगशाळेत गेला, छपाईच्या यंत्राकडे गेला, आणि कचेरीच्या बिनतारी डबीतही गेला.

तारांना त्याचे काही वाटले नाही; शंभरात चार म्हणजे काय! मेली ती बिनतारी डबी. या डब्यांची एक रीत आहे. एकट्याशी बोलायचे तर त्याला झेपेल तेवढ्या वेगाने बोलतात. पण सर्वांसाठी असलेली गोष्ट त्या सहसा अगदी सावकाश सांगतात, म्हणजे दूरच्या, मंद कानाच्या यंत्रालाही ती ऐकू जावी. प्रार्थनेच्या वेळी मैदानात शेवटच्या रांगेसाठी आपण शब्द तोडून तोडून बोलतो ना, तसे. वेग सेकंदाला एकदोन मेगाबिट, आणि सांगायचे चार. डबी माझा तांब्या सांगत बसली, आणि अर्ज दाराशी ताटकळले. ज्या कचेरीने चित्र मागितलेच नव्हते तिच्या गळ्यात ते मारल्यामुळे हे घडले.

"याच्यावर उपाय आहे, सर. स्विचला थोडं चोरून ऐकायला सांगावं लागेल."

चोरून ऐकणे हा शब्द त्याचा नव्हे, इंग्रजीतच त्या युक्तीला 'स्नूपिंग' म्हणतात. कोणते मंडळ कोणाला हवे, हे यंत्रे एका ठरलेल्या भाषेत सांगत असतात; तिला आयजीएमपी म्हणतात. पण ही पत्रे असतात वरच्या राउटरसाठी. स्विच हा आपला टपालवाला. पाकीट पाहावे आणि पोचवावे, आतला मजकूर वाचण्याचा त्याला अधिकार नाही. आमच्या लहानपणी गावात एक पोस्टमन होते, ते प्रत्येक पोस्टकार्ड वाचूनच द्यायचे. दारात येतानाच म्हणायचे, "काकू, मुलगी पंचमीला येतेय, जावई नाही येत." कार्ड नंतर. लोक पाठीमागे नावे ठेवीत, पण एका आळीत एकाच नावाचे दोघे राहात असूनही पत्र कधी चुकले नाही, ते या सवयीमुळेच. स्नूपिंग करणारा स्विच तोच धंदा करतो. दुसऱ्याची पत्रे वाचून तो ध्यानात ठेवतो, की हे मंडळ सात नंबरच्या भोकाला हवे आहे, कचेरीच्या भोकाला नको. कारखानदारांनी ही लबाडी आधी आपापल्या परीने सुरू केली, आणि मग मे २००६ मध्ये, ४५४१ क्रमांकाच्या टिपणात, ती कशी करावी याच्या सूचना लिहून निघाल्या. अधिकार नसलेले काम आधी सुरू व्हावे आणि परिपत्रक मागाहून यावे, ही रीत फक्त आपल्याकडचीच नाही तर!

पेटीच्या कारभाराच्या पानावर एक चौकट होती. विद्यार्थ्याने तीत खूण केली. मी कॅमेरा लावला. माडीवर चित्र, कचेरीत अर्ज, दोन्ही सुरू! लेखनिक आतून ओरडले, "चढला! पहिला चढला!" मी तांब्याची कड काढली, मान काढली, गळ्याखालची छाया धरली. आणि चार मिनिटे होऊन थोडा वेळ गेला असेल, तोच माडीवरून चाळीस गळ्यांचा "अऽऽ" असा सूर आला. चित्र बंद. कॅमेरा ठीक, तारा ठीक, पेटीचे दिवे हिरवे. पुन्हा सुरू केले. पुन्हा चार मिनिटांच्या वर, आणि बंद.

माझा विद्यार्थी कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग हसला. "सर, विचारणारा कोणी नाही."

मला त्याचे वाक्य दोनदा ऐकावे लागले. यंत्र मंडळात येताना एकदा आपणहून सांगते, की मी आहे. पण तेवढ्यावर स्विच कायमचा विश्वास ठेवीत नाही, आणि ठेवूही नये. कोणी उठून गेले असेल, कोणाची वीज गेली असेल. म्हणून दर एकशेपंचवीस सेकंदांनी कोणीतरी विचारायचे असते: कोण ऐकते आहे? यंत्रांनी दहा सेकंदांच्या आत उत्तर द्यायचे. दोनदा विचारण्याचा काळ आणि वर ते दहा सेकंद, म्हणजे दोनशेसाठ सेकंदांत एकही उत्तर आले नाही, तर तिकडे कोणी नाही असे समजून ती वाट बंद. चार मिनिटे आणि वीस सेकंद! आमच्या शाळेत ऐकणारे चाळीस होते, ध्यान ठेवणारा एक होता, पण विचारणारा कोणीच नव्हता. मोठ्या ठिकाणी हे काम राउटर करतो. आमच्या गरीब राउटरला ते येत नव्हते. मुले पडद्याकडे डोळे लावून बसली होती, त्यांची यंत्रे उत्तर द्यायला तयार होती, पण न विचारता 'हजर' म्हणायची पद्धत त्यांच्यातही नाही.

विचारण्याचे कामही स्विचलाच सांगता येते. विचारणारे दोन असले तर ज्याचा पत्ता आकड्याने लहान, तो विचारतो, आणि दुसरा गप्प बसतो. (सेवाज्येष्ठतेचे वाद कसे मिटवावेत, हे या यंत्रांकडून शिकण्यासारखे आहे, पण ते माझ्या सहकाऱ्यांना आवडणार नाही.)

उत्तरे कशी द्यावीत याचे नियम मी त्या रात्री त्याच्याकडून मुद्दाम पुन्हा समजून घेतले, कारण त्यांत मला माझा वर्ग दिसला. प्रश्न आल्यावर सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून प्रत्येक यंत्र मनाशी एक आकडा काढून तेवढे क्षण थांबते. जुन्या नियमाप्रमाणे, तेवढ्यात दुसऱ्या कोणी 'मी आहे' म्हटलेले कानांवर आले, तर बाकीच्यांनी बोलायचे नाही. एकाने सांगितले म्हणजे घरात कोणीतरी आहे हे कळले. राउटरला तेवढे पुरे. मी वर्गात "समजलं का?" विचारतो तेव्हा पहिल्या बाकावरून जो "होऽऽ" येतो, तो याच नियमाने. पण स्विचला एकाचे उत्तर पुरत नाही. त्याला प्रत्येक भोकाचे वेगळे कळायला हवे. गप्प राहिलेल्याचे चित्र तो बंद करील. म्हणून तो युक्ती करतो: एकाचे उत्तर दुसऱ्याला ऐकूच जाऊ देत नाही. प्रत्येकाला वाटते, अजून कोणी बोललेले नाही, आणि प्रत्येकजण बोलतो. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर तो जुना नियमच काढून टाकला. आता प्रत्येकाने स्वतःचे उत्तर स्वतः द्यायचे. कोणी 'मी जातो' म्हणून सांगितले, तरी लगेच दार लावीत नाहीत. एकेका सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारतात, आणखी कोणी आहे का तिकडे? मगच लावतात.

एवढी उत्तम व्यवस्था सगळ्या जगाला का पुरवीत नाहीत, असे मी त्याला विचारले. १९९२ मध्ये तसा प्रयत्न झाला होता म्हणाला. एमबोन नावाच्या जाळ्यावरून विद्वानांच्या सभा दूरदूर ऐकवल्या. पण इंटरनेट हे हजारो मालकांचे घर, आणि प्रत्येक मालकाने ध्यान ठेवण्याची आणि विचारण्याची तोशीस घ्यायची, हे जमले नाही. म्हणून आज क्रिकेटचा सामना लाखो लोक फोनवर पाहतात तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र प्रत जाते. ती जवळच्या भांडारातून देतात एवढेच. मल्टिकास्टचा संसार चालतो तो एकाच मालकाच्या घरात: शेअर बाजारात, टेलिफोन कंपन्यांच्या दूरचित्रवाणीत, आणि आमच्या शाळेत.

तर ती दुसरी चौकटही भरली. दुपारी तीनला तास पुन्हा सुरू झाला. पाच मिनिटे झाली, दहा झाली, चित्र हलले नाही. कचेरीत अर्जांचा आकडा एकसष्टावरून उतरत होता. माझा विद्यार्थी लेखनिकांच्या शेजारी बसून पेटीची यादी पाहत होता: कोणत्या भोकातून उत्तर आले, कोणत्या नाही. आधी पेटी सर्वांना ओरडून सांगत होती तेव्हा अशी यादीच नव्हती.

"सर," तो दारात येऊन म्हणाला, "एकोणचाळीसच आहेत."

"मुलं तर चाळीस आहेत."

"सव्वीस नंबरचं भोक काहीच बोलत नाही."

मामा जिना चढून गेले. सव्वीस नंबरचा संगणक खिडकीकडच्या कोपऱ्यात, खांबाच्या आड आहे. तिथे सातवीतली एक मुलगी मांडीवर फळी घेऊन कोऱ्या पडद्यासमोर बसली होती. मागची तार निसटली होती. सकाळपासून तिला एकदाही चित्र दिसले नव्हते. आजूबाजूचे टाळ्या वाजवीत तेव्हा तीही वाजवीत होती.

"अगं, सांगितलं का नाहीस?" मामांनी विचारले.

"म्हटलं, येईल थोड्या वेळानं."

मामांनी तार दाबून बसवली. खाली यादीत चाळिसावी ओळ उमटली. मी पेन्सिल खाली ठेवली, नवा कागद लावला, आणि तांब्या पुन्हा पहिल्या रेघेपासून काढायला घेतला.